हरिकेनच्या मोसमात क्रूझला निघताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतल्या मराठी घरी आईबाबा भारतातून आले की क्रूझचा विषय निघतोच. मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल किंवा गॅल्व्हेस्टनहून निघायचं, कॅरिबियनमधली दोन-तीन बेटं बघायची, आठवड्यात परत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकिटं स्वस्त असतात. त्या स्वस्ताईमागे शाळा सुरू झालेल्या असतात हे एक कारण, आणि हरिकेनचा, म्हणजे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा, मोसम हे दुसरं. अटलांटिकमधला हा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास तो शिगेला पोहोचतो. म्हणजे साधारण आपल्या गणपतीपासून दसऱ्यापर्यंतचे दिवस.

नवख्या माणसाच्या मनात पहिली भीती येते ती जहाजाची. ती बाजूला ठेवा. मोठं क्रूझ जहाज २० ते २२ नॉट, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. कॅरिबियनमधलं वादळ बहुतेक वेळा ताशी १५ ते २५ किलोमीटरने पुढे सरकतं. कप्तानाला त्याची चाहूल काही दिवस आधीच लागते आणि तो जहाज दुसऱ्या दिशेला घेऊन जातो. पळून जाता येत नाही ते बंदराला, विमानतळाला, बंदरावर उभ्या केलेल्या तुमच्या गाडीला. व्हिसाच्या तारखा आणि मोजून घेतलेल्या गोळ्याही जागच्या हलत नाहीत. वादळाने प्रवास विस्कटतो तो इथे, आणि तयारीही इथेच करायची आहे.

१. कुठे आणि कधी, हे आधी ठरवा

तारखा तुमच्या हातात असतील तर डिसेंबर ते एप्रिल निवडा आणि हा लेख इथेच सोडा. सुट्टी आणि आईबाबांचा मुक्काम यांचा मेळ बसवताना ते नेहमी जमत नाही, हे मला माहीत आहे. मोसमातच जायचं असेल तर नकाशा समोर घ्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमधली मोठी वादळं बऱ्याचदा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जन्मतात आणि पश्चिमेकडे सरकत आधी पूर्व कॅरिबियन गाठतात. सेंट थॉमस, सेंट मार्टिन, पोर्टो रिको ही बेटं त्यांच्या वाटेवर पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम कॅरिबियनच्या गरम पाण्यातच वादळं तयार होण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा जमैका, केमन बेटं, कोझुमेल यांना धोका असतो. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं हरिकेन ताशी सुमारे २९५ किलोमीटर वाऱ्यासह जमैकाला धडकलं. ऑक्टोबर संपत आला म्हणजे धोका टळला, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. उलट बाजूने, २०२४ मध्ये बेरिल २ जुलैलाच पाचव्या श्रेणीत पोहोचलं होतं.

त्यातल्या त्यात दक्षिणेकडची अरुबा, बोनेअर आणि कुरसाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बाजूला आहेत. तिकडे जाणारी क्रूझ मिळाली तर तिला प्राधान्य द्या. पण ती क्रूझ निघते फ्लोरिडाहून किंवा पोर्टो रिकोहून, आणि ती बंदरं वादळाच्या टप्प्यातच आहेत, हेही विसरू नका.

२. तिकिटात काय विकत घेतलंय ते समजून घ्या

क्रूझचं तिकीट काढताना आपण ज्या करारावर मान्यतेची खूण करतो, तो जवळपास कोणी वाचत नाही. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की कंपनी कुठलंही बंदर गाळू शकते, बदलू शकते, क्रम फिरवू शकते. बंदर गाळलं तर साधारणपणे त्या बंदराचे कर आणि शुल्क परत मिळतात, आणखी काही नाही. पैसे दिलेत ते जहाजावरच्या दिवसांचे. बेटं मिळाली तर मिळाली. एवढं मनाशी पक्कं केलं की निम्मा मनस्ताप वाचतो. ‘जमैका बघायचंच’ असा हट्ट असेल तर विमानाने जमैकाला जा.

काही बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. पूर्वी कोकणात आगबोटीतून पडावात उतरून बंदर गाठायचे, तसंच. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी इथे ही पद्धत आहे. वादळ शेकडो मैल लांब असलं तरी त्याच्या लाटा इथवर पोहोचतात आणि छोट्या बोटीत चढणं-उतरणं धोक्याचं होतं. त्यामुळे आकाश निरभ्र असूनही अशी बंदरं सगळ्यात आधी गाळली जातात. तिथली सहल बाहेरच्या स्थानिक माणसाकडून ठरवत असाल तर ‘जहाज आलंच नाही तर पैसे परत’ हे लेखी घ्या. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात.

पूर्ण क्रूझ रद्द झाली तर सगळे पैसे परत मिळायला हवेत. अमेरिकन बंदरांतून निघणाऱ्या क्रूझसाठी फेडरल मेरीटाइम कमिशन या सरकारी संस्थेचा २०२२ पासून लागू झालेला नियम आहे. कंपनीने क्रूझ रद्द केली, किंवा निघायला तीन दिवस वा जास्त उशीर केला आणि तुम्ही जायचं नाकारलंत, तर परतावा मागता येतो. पुढच्या क्रूझसाठीचं क्रेडिट कंपनी पुढे करते आणि ते रकमेपेक्षा थोडं जास्तही असतं. आईबाबा सहा महिन्यांत परत जाणार असतील तर त्या क्रेडिटचा उपयोग कोणाला, याचा विचार करूनच हो म्हणा.

३. विमा लवकर, फार लवकर

वादळाला नाव पडलं की त्या वादळापुरता विमा मिळत नाही. ती आता ‘माहीत असलेली घटना’ होते आणि तिच्यामुळे झालेलं नुकसान विमा कंपनी भरून देत नाही. म्हणून पहिली रक्कम भरली त्याच आठवड्यात प्रवास विमा घ्या.

साध्या विम्यात रद्द करण्याची कारणं ठरलेली असतात. ‘वादळ येईल असं वाटतंय’ हे त्यात बसत नाही. ‘कॅन्सल फॉर एनी रीझन’ हा वेगळा, महाग पर्याय असतो. तो बहुधा पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच घ्यावा लागतो आणि त्यात ५० ते ७५ टक्के रक्कम परत मिळते. निघायच्या किमान दोन दिवस आधी रद्द करावं लागतं, ही अटही सामान्य आहे.

आईबाबांसाठी आपण जो व्हिजिटर विमा घेतो तो आरोग्याचा असतो. क्रूझ रद्द होण्याशी त्याचा संबंध नसतो. तो समुद्रात आणि मेक्सिको-बहामासमध्ये लागू होतो का, आणि हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवावं लागलं तर खर्च देतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारा. सत्तरीच्या माणसाला घेऊन जाताना याच एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन.

४. कागदपत्रं: इथे आपल्या लोकांचा घोटाळा होतो

अमेरिकन नागरिकांसाठी लिहिलेल्या क्रूझविषयक माहितीत हा भाग नसतोच. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी तो दोनदा वाचावा.

वादळामुळे जहाजाचा मार्ग बदलतो म्हणजे देश बदलतात. समजा तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, पासपोर्टमधला व्हिसा संपलाय, पण आय-९४ (अमेरिकेत किती तारखेपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद) चालू आहे. मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन याच आय-९४ वर परत येता येतं, या ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनच्या भरवशावर तुम्ही गॅल्व्हेस्टनहून कोझुमेलची क्रूझ घेतली. वाटेत वादळ उठलं आणि जहाज बहामासला वळलं. एच-१बी साठी ही सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (एक्स्चेंज कार्यक्रम) वाल्यांसाठी तिच्यात क्यूबा सोडून जवळची बेटंही येतात. म्हणजे तुमच्या हातात काही नसताना तुमचा प्रवास सवलतीबाहेर गेला. माझं स्पष्ट मत: व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर हरिकेनच्या मोसमात क्रूझ नको. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आधी वकिलाला विचारा.

आईबाबांच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे का, आणि आय-९४ वरची तारीख किती लांब आहे. कॅरिबियनला आठवडाभर जाऊन आलं म्हणजे नवे सहा महिने मिळतील असं धरू नका, बहुधा जुनीच तारीख कायम राहते. परतीनंतर त्या तारखेला किमान दोन-तीन आठवडे शिल्लक असले पाहिजेत.

क्रूझ कंपनीला विचारताना ‘या मार्गावरच्या देशांचे व्हिसा’ एवढंच विचारू नका. ‘मार्ग बदलला तर एरवी कुठल्या देशांत जाता, आणि भारतीय पासपोर्टला तिथे काय लागतं’ हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

५. विमान आणि गाडी

निघायच्या बंदराच्या गावी किमान एक दिवस आधी पोहोचा. मोसमात दोन दिवस आधी. परतीचं विमान ज्या दिवशी जहाज लागणार त्याच दिवशीचं असेल तर संध्याकाळचं घ्या आणि बदलता येणारं तिकीट घ्या. आईबाबांचं भारतात परतायचं विमान मात्र क्रूझनंतर चार-पाच दिवसांच्या आत अजिबात ठेवू नका.

ऑक्टोबर २०२४ मधलं मिल्टन यासाठी आठवण्यासारखं आहे. ते ९ ऑक्टोबरच्या रात्री फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा कीजवळ आदळलं, पण टॅम्पा विमानतळ आदल्या दिवशीच बंद झाला होता आणि ऑरलँडोचा ९ तारखेच्या सकाळी. पूर्व किनाऱ्यावरचं पोर्ट कॅनाव्हरलही बंद होतं. वादळ यायच्या आधी आणि गेल्यानंतर अशा दोन्ही बाजूंनी दिवस खाल्ले जातात.

गाडीने बंदरावर जाणाऱ्यांनी उघड्या मैदानातलं स्वस्त पार्किंग टाळावं. बहुमजली पार्किंगमध्ये वरच्या मजल्यांवर, पण छताखाली जागा घ्या. गॅल्व्हेस्टन हे समुद्रसपाटीपासून जेमतेम उंचीचं बेट आहे, तिथे पाणी चढायला वेळ लागत नाही. गाडीच्या विम्यात पुरामुळे होणारं नुकसान येतं का, तेही त्याच दिवशी बघून टाका.

६. निघायचा आठवडा: काय बघायचं

मायामीतलं नॅशनल हरिकेन सेंटर हा एकच मुख्य स्रोत धरा. पुढच्या सात दिवसांत कुठे वादळ तयार होऊ शकतं, याचा नकाशा ते प्रसिद्ध करतं. वादळ तयार झालं की दर सहा तासांनी पत्रक निघतं, उन्हाळी वेळेनुसार फ्लोरिडाच्या पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता. नकाशावर जो पांढरा शंकू दिसतो तो वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट दाखवतो. केंद्र त्या शंकूत राहण्याची शक्यता साधारण तीनात दोन असते. शंकूची रुंदी म्हणजे वादळाचा आकार असं समजू नका. शंकूबाहेरच्या गावालाही वारा-पावसाचा जबर तडाखा बसू शकतो.

दहा दिवस आधीच्या कुठल्या तरी मॉडेलचं भडक चित्र व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की त्याकडे दुर्लक्ष करा. एवढ्या लांबचा मार्ग कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

बंदर उघडं की बंद, हे क्रूझ कंपनी ठरवत नाही. ते अमेरिकेचा कोस्ट गार्ड ठरवतो. वादळी वारे ७२ तासांत अपेक्षित असतील तर ‘व्हिस्की’, ४८ तासांत असतील तर ‘एक्स-रे’, २४ तासांत ‘यँकी’ आणि १२ तासांत ‘झुलू’ अशी स्थिती जाहीर होते. यँकीला बाहेरून येणाऱ्या जहाजांना प्रवेश बंद होतो, झुलूला बंदराचं सगळंच काम थांबतं. तुमच्या बंदराची स्थिती बंदराच्या संकेतस्थळावर दिसते. ती बघायची सवय लावलीत तर कंपनीचा संदेश यायच्या आधी तुम्हाला अंदाज आलेला असेल.

वादळ गेल्यावर लगेच बंदर उघडत नाही, याचा लोकांना फार राग येतो. तो अनाठायी आहे. जहाजांच्या वाटेत काही बुडालंय का, गाळ किती साचलाय, वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा जागेवर आहेत का, हे तपासल्याशिवाय हजारो माणसांचं जहाज आत घेता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वेने टेक्सासला झोडपलं, ह्यूस्टन पाण्याखाली गेलं, तेव्हा गॅल्व्हेस्टनची काही जहाजं दिवसेंदिवस बाहेर राहिली आणि रसद भरायला न्यू ऑर्लिन्सला गेली. जहाजावरची माणसं सुखरूप होती, आणि पोहोचून तरी करणार काय, रस्तेच बंद होते.

७. रद्द करायचं का? आधी तुम्ही करू नका

शेवटची रक्कम साधारण ६० ते ९० दिवस आधी भरून झालेली असते. त्यानंतर तुम्ही स्वतः रद्द केलंत तर बहुतेक पैसे जातात. कंपनीने रद्द केलं तर ते परत मिळतात. आणि कंपनीचा निर्णय बहुधा शेवटच्या एक-दोन दिवसांतच होतो. म्हणून घाबरून पाच दिवस आधी बटण दाबू नका. तोवर विमान कंपनीने वादळग्रस्त विमानतळांसाठी फुकट बदलाची सवलत जाहीर केली आहे का ते बघा, हॉटेल फुकट रद्द करता येईल तोवरच्या वेळा लिहून ठेवा. ‘कॅन्सल फॉर एनी रीझन’ घेतलं असेल तर त्याची ४८ तासांची मुदत घड्याळात लावा, कारण ती निघून गेली की तो विमा निरुपयोगी होतो.

याला एक अपवाद आहे. घरातलं कोणी आजारी असेल, किंवा तुमचं स्वतःचं घर वादळाच्या वाटेवर असेल आणि घर सोडण्याचे आदेश निघाले असतील, तर पैशांचा हिशेब नंतर.

वादळ कधीच निघून गेल्यावरही क्रूझ रद्द होऊ शकते. सप्टेंबर २०१७ मध्ये मारियाने पोर्टो रिको उद्ध्वस्त केलं, तेव्हा रॉयल कॅरिबियनने ‘ॲडव्हेंचर ऑफ द सीज’ची ३० सप्टेंबरची फेरी रद्द करून ते जहाज बेटांवर अडकलेल्या हजारो माणसांना बाहेर काढायला वापरलं. अशा वेळी आपली सुट्टी गेली तरी तक्रार करू नये.

८. बॅगेत काय

रोजच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा जास्त. त्या हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग जहाजावर चढताना आपल्यापासून वेगळी होते. इन्सुलिन असेल तर केबिनमधला फ्रिज पुरेसा थंड होतो का, हे आधी विचारा. औषधांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची मूळ (जेनेरिक) नावं फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असू द्या. भारतातल्या ब्रँडची नावं जहाजावरच्या डॉक्टरला कळणार नाहीत.

बोट लागण्यावर अमेरिकेत मेक्लिझीनच्या गोळ्या मिळतात. त्याने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. आलेपाक बरोबर असू द्याच.

शाकाहारी किंवा जैन जेवण आधी सांगून मिळतं, पण मुक्काम लांबला तर ताजी भाजी-फळं कमी पडू लागतात. दुकानातल्या सीलबंद पाकिटातला चिवडा, खाखरे, चिक्की बरोबर घ्या. घरी केलेलं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. हेलकावे तिथे सगळ्यात कमी जाणवतात. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या टोकाच्या बाल्कनीचं आकर्षण शांत समुद्रापुरतं ठेवा.

९. जहाजावर

वादळ टाळलं तरी त्याच्या लाटा भेटतात. जिन्याच्या कठड्यांना उलटीसाठीच्या कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या, पोहण्याचे तलाव रिकामे केले की समजायचं, रात्री जहाज डुलणार आहे. चालताना एक हात कायम कठड्यावर. दार धरताना बोटं चौकटीत ठेवू नका, वाऱ्याने जड दार आपटतं आणि बोटं चिरडतात. बाहेरचे डेक बंद केले असतील तर फोटोसाठीही जाऊ नका. वयस्कर माणसांना रात्री बाथरूमला जाताना दिवा लावायला सांगा, केबिनच्या बाथरूमचा उंबरा उंच असतो. पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत कंटाळा न करता करा आणि सात छोटे, एक लांब भोंगा म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं, हे आईबाबांना मराठीत नीट समजावून सांगा. घोषणा भराभर इंग्रजीत होतात.

मार्ग बदलल्याची घोषणा झाली की चौकशीच्या खिडकीवर रांग लागते. रांगेत उभे राहू नका. तिथल्या मुलामुलींनाही कप्तानाने सांगितलं त्यापलीकडे माहीत नसतं. त्याऐवजी तेवढ्यात विमानाचं तिकीट बदलून टाका, जागा लवकर संपतात. मुक्काम वाढला तर जेवणखाण चालू राहतं, त्याचे वेगळे पैसे साधारणपणे घेत नाहीत.

भारतातल्या नातेवाइकांना आधीच कळवून ठेवा. इकडे समुद्र शांत असतो आणि तिकडे पुण्या-नागपुरात टीव्हीवर उडालेली छपरं बघून मावशी रात्रभर जागी असते. जहाज वादळापासून कुठल्या दिशेला आहे, एवढा एक संदेश रोज पाठवा.

१०. परतल्यावर

जहाज सोडण्यापूर्वी उशिराचं किंवा बदलाचं कारण लिहिलेलं पत्र मागून घ्या. विमा कंपनी तेच पहिलं मागते. हॉटेल, टॅक्सी, बदललेलं तिकीट, जास्तीचं जेवण यांच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. उशिराची भरपाई बहुधा ६ किंवा १२ तासांनंतरच लागू होते आणि तिला रोजची मर्यादा असते. ज्या क्रेडिट कार्डावर क्रूझचे पैसे भरलेत त्याच्यासोबतही असा विमा असू शकतो, तोही तपासा. विमान कंपनीनेच विमान रद्द केलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या विमानाने गेला नसाल, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तिकिटाचे पैसे परत मिळतात, व्हाउचर घ्यायची सक्ती नाही. गाळलेल्या बंदराचं शुल्क जहाजावरच्या खात्यात किंवा कार्डावर जमा होतं. ते न दिसल्यास महिनाभर वाट बघून लेखी विचारणा करा.

जहाज उशिरा पोहोचलं असेल तर आईबाबांचं आय-९४ त्याच आठवड्यात ऑनलाइन उघडून तारीख बघा.